जावाच्या गावी

आप्पांच्या जावाला किकचा आणि गिअरचा दांडा एकच होता. डाव्या पायाशी असलेला तो दांडा आत दाबून वर फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुन्हा खाली आणून तोच गिअर. पाहुण्यारावळ्यांना ते जमायचं नाही. आम्हा भावंडांना मात्र शाळेत जायच्या आधीपासून जमत होतं, कारण रविवारी सकाळी गाडी स्टँडवर लावून आप्पा आम्हाला ते करायला लावायचे. इंजिन एका सिलिंडरचं, पण सायलेन्सर दोन, उजवीकडे एक आणि डावीकडे एक. गाडी थंड असताना ठोका अडखळत पडायचा, गरम झाली की जुळायचा. आप्पा मागे उकिडवे बसून दोन्ही सायलेन्सरजवळ आळीपाळीने कान न्यायचे. निळसर धुरात त्यांचा चष्मा दिसेनासा व्हायचा.

आमचं घर मिरजेत, सतारमेकरांच्या दुकानांपासून जवळ. आप्पा शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी गाणाऱ्यांच्या मागे तंबोऱ्यावर बसायचे. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ दर्ग्यात गाणं होतं, तिथे तर त्यांची हजेरी ठरलेलीच. मैफल गावाबाहेर असली की तंबोरा जावावरून जायचा. गवसणीत घातलेला तो मोठा तंबोरा मी मागे बसून धरायची, भोपळा मांडीवर आणि दांडी खांद्याला टेकलेली. गाडी चालू असताना तारा आतल्या आत थरथरायच्या. भोपळ्याला पोट टेकलेलं असल्यामुळे तो थरथराट मला आधी पोटात कळायचा आणि मग कानात. इंजिनाचा आणि तारांचा असा मिळून आलेला आवाज मी त्यानंतर कुठेही ऐकला नाही.

सतारमेकर जवारी काढायचे तेव्हा आप्पा दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. घोडी कानशीने किंचित घासायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा घासायचं. गाडीच्या पॉइंटचं गॅपही ते तसंच लावायचे. पातं घालून मोजायचे खरे, पण शेवटचा निवाडा कानाचा. मला संगीतही त्यांनी शिकवलं आणि मोटरसायकलही, आणि दोन्हींत पहिला धडा गप्प बसून ऐकण्याचा होता.

पुढे मी नोकरीसाठी पुण्यात आले. धाकट्या भावाने सांगलीत येझदी रोडकिंग घेतली आणि आप्पांनंतर जावाही त्याच्याकडेच गेली. 1996 साली या गाड्या बनवणारा म्हैसूरचा कारखाना बंद पडला. त्यानंतर जुन्या बाजारातल्या ढिगांतून पिस्टन रिंगा आणि क्लच प्लेटा शोधणं हा त्याचा छंदच होऊन बसला. मी सवाई गंधर्व महोत्सवात पहाटेपर्यंत बसायची, तो गॅरेजात रात्र काढायचा. एकदा फोनवर म्हणाला, "ताई, जिथं ही गाडी जन्मली तिथं एकदा जाऊन यायला पाहिजे."

जावा मूळची चेक, म्हणून तेव्हापासून आमचा चेक देशाचा बेत चालला आहे.

पर्यटन कंपन्यांच्या युरोपात प्राग म्हणजे एक मुक्काम, पूल, किल्ला, घड्याळ आणि पुढे व्हिएन्ना. आम्हाला हवं ते त्या पत्रकांत कुठेच नव्हतं, म्हणून नकाशा पसरून आम्हीच बसलो. जावाची हकिगत भाऊ तोंडपाठ सांगतो. फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये जर्मन वाँडरर कंपनीचा मोटरसायकलींचा व्यवसाय विकत घेतला. यानेचेक हे नाव रोमन लिपीत लिहिलं की त्यातला 'जा' आणि वाँडररमधला 'वा'. दुसऱ्या महायुद्धात देश जर्मनांच्या ताब्यात असताना तिथल्या अभियंत्यांनी गुपचूप एक नवी अडीचशे सीसीची गाडी घडवली. 1946 मध्ये ती पॅरिसच्या प्रदर्शनात आली तेव्हा लोक थक्क झाले. तिलाच पेराक म्हणतात. परक्यांसाठी राबत असताना मनातली गाडी कागदावर उतरवणारी ती माणसं मला फार मोठी वाटतात. प्रागमध्ये लेत्ना टेकडीवर राष्ट्रीय तंत्र संग्रहालय आहे. त्याच्या वाहनांच्या दालनात छताला विमानं टांगली आहेत आणि खाली रेल्वे इंजिनं, मोटारी, मोटरसायकली उभ्या आहेत. तिथे भाऊ दिवसभर हलणार नाही.

आपल्याकडे ही गाडी आणली ती इराणी कुटुंबाने. आधी मुंबईत आयात आणि मग म्हैसूरला 'आयडियल जावा'. त्या कारखान्याचं उद्घाटन 1961 मध्ये जयचामराज वडियार यांनी केलं. ते तेव्हा म्हैसूर राज्याचे राज्यपाल होते, पण मला ते आठवतात रचनाकार म्हणून. त्यांनी कर्नाटक संगीतात कृती बांधल्या. निकोलाय मेट्नर हा रशियन संगीतकार लंडनमध्ये उपेक्षेत दिवस काढत असताना त्याच्या ध्वनिमुद्रणांचा खर्चही त्यांनीच उचलला आणि मेट्नरने आपला तिसरा पियानो कन्चेर्टो त्यांना अर्पण केला. आप्पांच्या गाडीच्या कारखान्याचं दार अशा माणसाच्या हाताने उघडलं, हे मला आप्पा गेल्यावर कळलं. त्यांना हे सांगायला हवं होतं.

माझी यादी वेगळी होती. 'प्राग स्प्रिंग' हा संगीत महोत्सव 12 मेला, संगीतकार स्मेतानाच्या पुण्यतिथीला सुरू होतो आणि प्रथेप्रमाणे त्याच्याच 'मा व्लास्त'ने. या रचनेचा बहुतेक भाग त्याने ठार बहिरा झाल्यावर लिहिला. व्लतावा नदी उगमापासून कशी वाढत जाते, हे एकही सूर ऐकू न येणाऱ्या माणसाने मांडलं आहे. ते त्या नदीच्या काठच्या शहरात ऐकावं, अशी माझी फार इच्छा होती. नदीकाठाने उत्तरेला गेलं की नेलाहोझेवेस गाव लागतं. संगीतकार ड्वोर्झाक तिथे 1841 मध्ये जन्मला. वडील खाटीक आणि खानावळवाले, आणि झिथर वाजवणारे. तो लहान असतानाच प्राग–ड्रेस्डेन लोहमार्ग त्याच्या घरासमोरून टाकला गेला आणि आगगाडीचं वेड त्याला जन्मभर राहिलं. प्रागमध्ये तो इंजिनं पाहायला स्टेशनवर जायचा, त्यांचे क्रमांक लक्षात ठेवायचा. भावाला हे सांगितलं तेव्हा त्याने पहिल्यांदा माझ्याकडे ड्वोर्झाकची सिंफनी मागितली.

ब्रनोवरून मात्र आमचं जुंपलं. तिथे 1930 पासून मोटरसायकलींच्या शर्यती होतात. पूर्वी रस्त्यांवर व्हायच्या, 1987 पासून खास बांधलेल्या मासारिक सर्किटवर होतात. आणि त्याच शहरात संगीतकार यानाचेक राहत होता. बाजारात, फलाटावर, घरात माणसं बोलतात त्या बोलण्याच्या चढउतारांची तो वहीत स्वरलिपी करायचा. मुलगी ओल्गा मरणाच्या दारात होती तेव्हा तिचे शब्दही त्याने तसेच टिपून ठेवले. काहींना ते क्रूर वाटतं. मला नाही वाटत. दुसरं काहीच हाती उरलं नसेल, तेव्हा बाप कानाने लेकीला धरून ठेवेल.

पण आमचा सगळा बेत ज्याच्याभोवती फिरायला लागला ते गाव भलतंच निघालं. स्त्राकोनित्से. दक्षिण बोहेमियात, ओतावा आणि व्होलिन्का या नद्यांच्या संगमावर. भावाला ते माहीत होतं 'सीझेड'मुळे. 1919 मध्ये बंदुकांसाठी निघालेल्या या कारखान्याने पुढे सायकली आणि मोटरसायकली काढल्या. पन्नाशीच्या दशकात निर्यातीच्या गाड्यांवर जावा आणि सीझेड ही दोन्ही नावं एकत्र झळकायची. याच कारखान्याच्या गाडीवर बेल्जियमचा जोएल रोबेअर 1964, 1968 आणि 1969 साली मोटोक्रॉसचा जगज्जेता झाला. चिखलातून उडणाऱ्या त्या गाडीचं कृष्णधवल चित्र भावाच्या गॅरेजात लावलेलं आहे.

मला ते गाव माहीत होतं बॅगपाइपमुळे. तिथल्या वाद्याला 'दुडी' म्हणतात. स्कॉटिश वादक तोंडाने फुंकतो, तर इथे काखेखाली भाता असतो आणि कोपराने हवा भरली जाते. पिशवी बकऱ्याच्या कातड्याची, सुरांच्या नळीच्या माथ्यावर लाकडात कोरलेलं बकऱ्याचं डोकं, आणि खांद्यावरून मागे गेलेली दुसरी नळी, जी एकच सूर अखंड धरून ठेवते. आपल्याकडे सनईवाल्याच्या शेजारी बसून एकजण नुसता सूर धरतो, तेच काम. दम घ्यायला थांबावं लागत नाही, त्यामुळे वादक वाजवता वाजवता गातोही. 'स्त्राकोनित्सेचा दुडीवाला' हे तिलचं नाटक 1847 चं. लग्नासाठी पैसा मिळवायला परदेशी निघालेला श्वांदा हा त्याचा नायक. पुढे वाइनबर्गरने त्याच्यावर ऑपेरा केला, तो 1927 मध्ये प्रागला रंगमंचावर आला.

या गावात 1967 पासून आंतरराष्ट्रीय दुडी महोत्सव भरतो, ऑगस्टात, सहसा एक वर्षाआड. देशोदेशीचे वादक वाजवत रस्त्यांवरून निघतात आणि किल्ल्याच्या आवारात मैफली होतात. त्याच किल्ल्यात संग्रहालय आहे. त्यात एकीकडे दुडी आणि एकीकडे सीझेडच्या मोटरसायकली. हे वाचल्यावर मी भावाला रात्रीच फोन लावला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आप्पांना इथं न्यायला पाहिजे होतं."

त्यामुळे मे महिना सोडला. 'मा व्लास्त' प्रागमध्ये ऐकायची राहील, याचं मला वाईट वाटतं आणि ते मी लपवत नाही. ऑगस्ट धरला आहे. शेंगेन व्हिसाला रोजचा मुक्काम लिहून द्यावा लागतो आणि किमान 30,000 युरोंचा आरोग्य विमा लागतो. भावाने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढायचं ठरवलं आहे, कारण तिथे जुनी जावा चालवायला मिळावी असा त्याचा हट्ट आहे. रस्त्याची उजवी बाजू धरायची सवय नसल्याने शहरात नको, गावाकडच्या रस्त्यावर, एवढी माझी अट त्याने मान्य केली. मागे मी बसणार आहे. व्हिसाच्या अर्जातला ब्रनोचा रकाना अजून कोरा आहे. तो म्हणतो सर्किटसाठी, मी म्हणते यानाचेकच्या बागेतल्या घरासाठी, आणि तिथे गेलो तर नेलाहोझेवेससाठी वेळ काढायचा कुठून, यावर रविवारच्या फोनवर आमचं अजून चाललंच आहे.