पाणी ठेवायचं

लॅब बघायला कोणी आलं की आम्ही पडद्यावर प्रथिनाच्या रंगीत फिती दाखवतो. वळलेल्या, सतत थरथरणाऱ्या. लोक खूश होतात. त्या चित्रात पाणी मात्र दिसत नाही. ते आम्हीच लपवतो, नाहीतर प्रथिन दिसणारच नाही. संगणकाचा बहुतेक वेळ गेलेला असतो तो त्या लपवलेल्या पाण्यावर.

माझं काम कोंबडीच्या अंड्यातल्या लायसोझाइमवर चालतं. १९६५ साली लंडनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने त्याची रचना उलगडली, एन्झाइमांमध्ये सर्वांत आधी. हायड्रोजन धरून सुमारे दोन हजार अणू. संगणकात त्याच्याभोवती खोका आखायचा आणि तो पाण्याने भरायचा: दहा हजारांच्या आसपास रेणू, म्हणजे तीस हजार अणू. प्रथिनावर अधिक आठ प्रभार असतो, म्हणून पाण्याचे आठ रेणू काढून त्या जागी आठ क्लोराइड बसवायचे. ऊर्जा खाली आणायची, तापमान ३०० केल्विनला स्थिर करायचं, मग दाब. घनतेचा आलेख सपाट झाला की खरी रन लावायची. एक पाऊल दोन फेम्टोसेकंदांचं. एक मायक्रोसेकंद गाठायला पन्नास कोटी पावलं, आणि दर पावलाला प्रत्येक अणूवरचं बल नव्याने काढायचं.

मध्यंतरी आमची ज्युनिअर म्हणाली, "ताई, डिस्क भरत आलीये. ट्रॅजेक्टरीतलं पाणी काढून टाकू?"

"थांब, आधी हे बघ," म्हणून मी तिला एन्झाइमची कपार उघडून दाखवली. एका बाजूला ३५वं ग्लुटामिक आम्ल, समोर ५२वं अस्पार्टिक आम्ल. जिवाणूच्या भिंतीतली साखरेची साखळी इथेच तुटते, आणि त्या तुटण्यात पाण्याचा रेणू स्वतः भाग घेतो. मधल्या जागेत एक रेणू होता. काही फ्रेम तो तिथेच राहिला, मग सरकला. लगेच दुसरा येऊन जवळजवळ तशाच कोनात बसला. ती बराच वेळ मागेपुढे करून तेच बघत राहिली. पाणी काढून टाकलं असतं तर ती जागा आम्हाला रिकामी दिसली असती.

हैदराबादचे अनीसुर रहमान मला यासाठी फार मोठे वाटतात. अमेरिकेतल्या अर्गॉन नावाच्या प्रयोगशाळेत त्यांनी १९६४ साली द्रव अर्गॉनच्या ८६४ अणूंची हालचाल संगणकावर काढली, आणि १९७१ मध्ये स्टिलिंजर यांच्यासोबत पाण्याच्या २१६ रेणूंची. प्रथिनाआधी त्यांनी पाणी समजून घेतलं. आम्ही आज पाणी तयार घेतो, एका ओळीच्या आदेशाने ओततो.

ते तयार पाणीही नीट पारखायला हवं. सर्रास वापरलं जाणारं टिप-थ्री-पी हे पाण्याचं प्रारूप १९८३ सालचं आहे. ते खऱ्या पाण्याच्या दुपटीहून अधिक वेगाने पसरतं, आणि त्याचा बर्फ उणे १२७ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळतो. तरी ते टिकून आहे, कारण प्रथिनांची कित्येक बलक्षेत्रं, म्हणजे अणूंवरची बलं काढायची सूत्रं, त्याच्याच जोडीने बेतलेली आहेत. आकाराबद्दल बोलायला ते चालतं. पण कपारीतला रेणू किती वेळ थांबला, हा आकडा केवळ त्याच्या भरवशावर छापायला माझी तयारी नाही. तीच रन टिप-फोर-पी/२००५ या दुसऱ्या प्रारूपातही लावायची, आणि दोन्ही आकडे शेजारीशेजारी द्यायचे.

आता आम्ही फ्रेम विरळ करून ठेवतो, पण पाण्यासकट. वाढीव डिस्कसाठी अर्ज दिला आहे.