इंग्रजी पबचे दार कोणाकोणासाठी उघडले?

१/ आजचा थ्रेड इंग्लंडमधील पबविषयी. बर्मिंगहॅममध्ये इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण घेताना गेल्या वर्षभरात मी बऱ्याच पबांत गेले. प्रत्येक ठिकाणी केवळ हाफ पाइंट, म्हणजे २८४ मिलिलिटर बिअर घ्यायची आणि दोन प्रश्नांची उत्तरे वहीत टिपायची, असा नेम ठेवला. येथील बिअर कशी आहे? आणि येथे बसण्याची मुभा कोणाला होती? मी वर्ध्याची, दारूबंदी असलेल्या जिल्ह्यातील. त्यामुळे दुसरा प्रश्न मला अधिक छळतो.

२/ 'पब' हे 'पब्लिक हाउस'चे संक्षिप्त रूप: सर्वांसाठी खुले घर. राजा दुसरा रिचर्ड याच्या काळात, १३९३ साली, एल विकणाऱ्यांनी दारावर खूण लावलीच पाहिजे असा दंडक झाला. एल तपासणाऱ्या अधिकाऱ्यास घर ओळखता यावे, हा हेतू. 'व्हाइट हार्ट' नावाचे पब आजही गावोगावी आढळतात. पांढरे हरीण हे याच रिचर्डचे चिन्ह होते.

३/ आता बिअर. पारंपरिक इंग्रजी एल पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यातील यीस्ट जिवंत असते. आंबण्याची शेवटची क्रिया पबच्या तळघरातच पूर्ण होते. बाहेरून वायू न भरता, काउंटरवरचा दांडा ओढून ती पेल्यात घेतात. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सिअस असावे. आपल्याकडच्या बर्फगार बिअरची सवय असलेल्यास ती 'कोमट' वाटते. परंतु त्याच तापमानात माल्टचा गोडवा आणि हॉप्सचा कडवटपणा जिभेला वेगवेगळे जाणवतात.

४/ पिंप एकदा उघडले की त्यात हवा शिरते आणि साधारण तीन दिवसांत ते संपवावे लागते. म्हणून गिऱ्हाईक नसलेल्या पबमध्ये चांगली एल मिळणे कठीण. शहरातील एका पबमध्ये माझ्या पेल्याला चक्क शिरक्याचा वास येत होता. भिंतीवर जुनी छायाचित्रे, पितळी दिवे, सारा थाट होता. तळघराकडे मात्र कोणी पाहत नव्हते. पेला परत केला, तेव्हा बदलून मिळाला, हेही नोंदवते.

५/ याउलट ब्रायर्ली हिल येथील 'द व्हाइन'. बॅथम्स या जुन्या कुटुंबाच्या ब्रुअरीला लागूनच असलेला हा पब. येथे मी 'माइल्ड' घेतली: गडद रंगाची, कमी कडू, मद्यांश साडेतीन टक्क्यांच्या आसपास. हा सारा 'ब्लॅक कंट्री'चा, कोळशाच्या खाणींचा आणि ओतशाळांचा मुलूख. भट्टीपाशी दिवसभर घाम गाळलेल्या माणसास तहान भागवणारे आणि चटकन न चढणारे पेय हवे होते. ती चव त्या श्रमाची आहे.

६/ बिअरचा आपल्याशीही धागा आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या बो भागातील हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून हिंदुस्थानात बिअर पाठवू लागली. १८२० च्या दशकात बर्टन-अपॉन-ट्रेंटचे ऑलसॉप या व्यापारात उतरले. बर्टनच्या पाण्यात जिप्सम विपुल असल्याने फिकट, कडवट बिअर तेथे उत्तम होई. आजची 'इंडिया पेल एल' ती हीच. 'इंडिया' नाव बाटलीवर आले. पिणारे बहुतांशी गोरे अधिकारी होते.

७/ बिअर चांगली की वाईट, हा येथे राजकीय प्रश्नही होता. १७५१ मध्ये होगार्थने दोन चित्रे छापली: जिनने उद्ध्वस्त झालेली गल्ली आणि बिअरने सुखी झालेला रस्ता. १८३० च्या कायद्याने दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्यास बिअर विकण्याची मुभा दिली. लोक जिन सोडून बिअरकडे वळतील, ही अपेक्षा. परिणामी हजारो नवी बिअरघरे उघडली आणि १८६९ मध्ये परवान्यांची सूत्रे पुन्हा दंडाधिकाऱ्यांकडे द्यावी लागली.

८/ पण त्या घराबाहेर कोण उभे होते? १८८३ मध्ये पार्लमेंटने कामगारांचे वेतन पबमध्ये वाटण्यास बंदी घालणारा कायदा केला. कायदा करावा लागला, यातच सारे आले. वेतन हातात पडण्याची जागा आणि ते उडवण्याची जागा एकच असेल, तर घरची चूल कशी पेटणार? हे वाचताना मला ग्रंथालयात आमच्या गावची आठवण झाली.

९/ माझी आजी गावच्या दारूबंदी महिला मंडळात होती. जिल्ह्यात बंदी असली, तरी नाल्याकाठी मोहाची दारू गाळली जाई आणि मंडळातील बाया कंदील घेऊन भट्ट्या फोडायला जात. मी येथे पबचा अभ्यास करते हे कळल्यावर तिने फोनवर एवढेच विचारले, "तिथं बायाई बसतात का वं? अन् त्याईले कोनी काई म्हनत नाई?" प्रबंधाच्या मार्गदर्शकांनी विचारलेल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा हा प्रश्न नेमका होता.

१०/ उत्तर सरळ नाही. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवरील 'एल व्हिनो' या मद्यगृहात स्त्रियांना काउंटरपाशी उभे राहून पेय मिळत नसे. त्यांनी मागच्या खोलीत बसायचे. दोन स्त्रिया न्यायालयात गेल्या आणि अपील न्यायालयाने हा भेदभाव बेकायदेशीर ठरवला, तो १९८२ मध्ये! माझ्या आईचा जन्म त्याच्याही आधीचा.

११/ पबची वास्तूच भेद सांगते. लंडनच्या होबर्न भागातील 'प्रिन्सेस लुईझ'मध्ये जा. नक्षीदार काचा आणि लाकडी आडपडदे यांनी एकच काउंटर अनेक कप्प्यांत विभागलेला दिसेल. मजुरांसाठी 'पब्लिक बार', सुखवस्तूंसाठी 'सलून', आडोसा हवा असणाऱ्यांसाठी 'स्नग'. सलूनमध्ये तीच बिअर सहसा महाग असे. आपण ज्याला 'वातावरण' म्हणून दाद देतो, त्यातील बराचसा भाग म्हणजे हे पडदे.

१२/ स्मेथविकमध्ये तर पडदा कातडीच्या रंगाचा होता. येथील ओतशाळांत राबणाऱ्या पंजाबी आणि कॅरिबियन कामगारांना अनेक पबांत ठरावीक खोलीतच बसवत, किंवा बाहेरच ठेवत. 'इंडियन वर्कर्स असोसिएशन'चे अवतारसिंग जोहल यांनी याविरुद्ध चळवळ उभारली. १२ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांच्यासह माल्कम एक्स 'ब्लू गेट्स' पबमध्ये गेले. स्मोक रूममध्ये त्यांना पेय नाकारण्यात आले. अवघ्या नऊ दिवसांनी न्यू यॉर्कमध्ये माल्कम यांची हत्या झाली. त्याच वर्षीच्या वंशसंबंध कायद्याने सार्वजनिक ठिकाणचा असा भेदभाव बेकायदेशीर ठरला.

१३/ पुढे याच परिसरातील मंदावलेले पब पंजाबी कुटुंबांनी चालवायला घेतले. आज त्यांना 'देसी पब' म्हणतात. वेस्ट ब्रॉमविचच्या 'रेड लायन'मध्ये रंगीत काचेच्या खिडकीवर स्थलांतरितांचीच कथा चितारलेली आहे. मी गेले त्या संध्याकाळी तव्यावरून आलेल्या मिक्स्ड ग्रिलचा धूर दरवळत होता, दूरचित्रवाणीवर फुटबॉल होता, एका टेबलावर तीन पिढ्यांचे कुटुंब जेवत होते. बिअर मध्यम प्रतीची होती. वातावरणास मी वहीत सर्वाधिक गुण दिले.

१४/ आजीला मी ते सारे सांगितले. बायाही बसतात, आता कोणी काही म्हणत नाही, पण त्यासाठी शंभर वर्षे भांडावे लागले. ती म्हणाली, "भांडाच लागते." आजीचा लढा दारू बंद करण्याचा, स्मेथविकच्या कामगारांचा दार उघडण्याचा. दिशा उलट दिसते, पण दोघांचीही मागणी एकच होती: गावातील ही जागा कोणाच्या मर्जीने चालणार, हे ठरवताना आम्हालाही विचारा.

१५/ तेव्हा कधी इंग्रजी पबमध्ये जाल, तर आधी बिअर तपासा: स्वच्छ पेला, ताजे पिंप, आंबूस वास नको. मग मान वर करून काचा, पडदे, दारे पाहा आणि कोण कुठे बसत असेल याचा विचार करा. काही प्यायलाच हवे असेही नाही. लिंबूपाणी मागवूनही इतिहास वाचता येतो. पुढील थ्रेड बर्टनच्या पाण्यावर. आपल्या गावातील अशा एखाद्या 'सर्वांसाठी खुल्या' जागेविषयी, आणि तेथे कोणाला मज्जाव होता याविषयी, खाली अवश्य लिहा.