काळीकाठचे धनेश आणि हिचं आजोळ

मंडळी, जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात गणेशगुडीला पक्षी बघायला जायचं ठरतंय. दोन जोडपी, चौघंही सत्तरीपुढचे. बेळगाव, खानापूर, लोंढा, रामनगर आणि गणेशगुडी असा रस्ता. तिथे काळी नदी, सुपा धरण आणि भोवती काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. अणशी राष्ट्रीय उद्यान त्याचाच भाग.

मुलानं मोबाइलवर ६० पक्ष्यांची यादी पाठवली. ती ऐकून आमची ही म्हणाली, "मला एकच दाखवा. महाधनेश."

त्याला कारण आहे. हिचं आजोळ जुन्या सुप्याचं. ऐंशीच्या दशकात धरणाचं पाणी चढलं आणि गाव बुडालं. बरीच माणसं रामनगरला आली, तालुक्याचं ठाणं जोयड्याला गेलं. आजोळचं घर गेलं, पण पंखांचा तो आवाज हिच्या कानात अजून आहे. महाधनेश डोक्यावरून गेला की वाफेचं इंजिन चालल्यासारखं वाटायचं आणि पोरं अंगणात धावायची. धरणानंतर ही तिकडे एकदाही गेलेली नाही.

म्हणून आखणी धनेशाभोवतीच केली. काळीच्या जंगलात चार जातींचे धनेश आहेत : महाधनेश, मलबार कवड्या धनेश, मलबार राखी धनेश आणि साधा राखी धनेश. फेब्रुवारी-मार्चपासून मादी झाडाच्या ढोलीत बसून दार लिंपून घेते. फक्त चोचीपुरती फट ठेवते आणि नर बाहेरून फळं भरवतो. त्या दिवसांत ढोलीजवळ घुटमळू नये, नर बिचकला तर आत मादी-पिल्लं उपाशी. जानेवारीत जोडी एकत्र दिसते, हिवाळी पाहुणे पक्षीही असतात.

दुसरी गोष्ट कानांची. वय झालं की आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज जातात. आमच्यातल्या दोघांना श्रवणयंत्र आहे. चिमुकल्या पक्ष्यांची किलबिल ऐकत जंगल तुडवण्यापेक्षा फळांनी लगडलेला वड-उंबर गाठायचा आणि खाली खुर्च्या टाकून गप्प बसायचं. धनेशाचे पंख आम्हालाही ऐकू येतील. दांडेलीच्या लाकूड डेपोपाशी कवड्या धनेश बरेचदा दिसतात, तिथे तर चालावंही लागत नाही.

सामान थोडंच : ८×४२ ची दुर्बीण, मातकट रंगाचे कपडे, कानटोपी, गोळ्यांचा डबा. पहाटे सहाला चहा घेऊन बाहेर, दहाला परत. भर दुपारी पक्षीही झोपतात, आपणही झोपावं.

दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ मात्र मोकळी ठेवलीय. ही म्हणते, "पाण्याच्या काठावर थोडं उभं राहू."

कुठल्या काठावर, ते अजून ठरत नाही. आपल्यात जुन्या सुप्याचं कोणी असेल तर कृपया कळवा. गावाची बाजारपेठ कुठल्या अंगाला होती, आणि आज रस्त्यावरून ती जागा कुठून दिसते? उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर तुम्ही कधी गेला असाल तर तेही लिहा. हिला वाचून दाखवीन.