मोरीकडची पाती

आमच्या घरात चहा दोन होते. ओटीवर जायची ती 'चाय' आणि मागच्या पडवीत उकळायचं ते 'पातीचं पानी'. पाणी नव्हे, पानी. आम्हा आगऱ्यांच्या जिभेला ण झेपत नाही. हायवेवरच्या पाटीवर 'माणकोली' लिहिलेलं असलं तरी आम्ही सगळी मानकोलीचीच. शहरात ज्याला गवती चहा म्हणतात आणि वसईकडे पातीचहा, ती आमच्याकडे नुसती पाती.

चायमध्ये दूध, पत्ती, साखर. पातीच्या पाण्यात यातलं काहीच नाही. गोडाला गुळाचा खडा, तोही मोजून. हल्ली कुणी विचारलं तर आमची चुलत भावंडं ऐटीत 'कॅफिन नसलेलं पेय' म्हणतात. ऐंशीच्या दशकात आम्ही शाळकरी होतो तेव्हा हा शब्द गावात कुणाच्या कानावरही पडला नव्हता. पातीचं पाणी म्हणजे दूध वाटून झाल्यावर ज्यांच्या वाट्याला काही उरायचं नाही, त्यांचा चहा.

दारात दोन म्हशी होत्या, पण दूध रतिबाचं. पहाटे किटल्या भरून जायच्या आणि मागे राहायचं ते आधी आजोबांना, मग अंगावरून सुटलेल्या पोराला, मग कामावर जाणाऱ्या पुरुषांना. आणि अचानक टपकणाऱ्या पाहुण्यासाठी एक वाटी झाकून. आजी, आत्या, आमच्या आया आणि काकी या सगळ्या त्या वाटीच्या पलीकडच्या. त्यांना कुणी 'पिऊ नका' असं म्हटलेलं आठवत नाही. म्हणावं लागलंच नाही.

पातीचा ठोंब मोरीच्या तोंडाशी होता. भांडी घासलेलं, पाय धुतलेलं सगळं पाणी तिथून वाहायचं, म्हणून बारा महिने तो हिरवा. चारपाच ठोंब मिळून कमरेएवढं बेट झालेलं. पाती आणायला पोरांना पाठवायचे आणि पोरं कुरकुरायची, कारण पातीची कड धारदार असते. बोटाला बारीक चीर पडते, ती तेव्हा कळत नाही; मिठाच्या पाण्यात हात गेला की कळते.

थोरली काकी पाती कापायची नाही. सातआठ लांब पाती धुवून हातात घ्यायची, एकदा पिळायची, म्हणजे वास मोकळा व्हायचा. मग दुमडून त्यांची गाठ मारायची, वेणीच्या शेपटाला मारतात तशी, आणि अख्खी गाठ जर्मनच्या टोपात सोडायची. गाठ मारली की गाळणं लागत नाही, पळीनं उचलली की झालं. घरात गाळणं एकच आणि ते पुढच्या चायला लागायचं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

गाठ सोडली की टोपावर ताट, आणि टोप लगेच उतरवायचा. ताट कुणी उचलून बघितलं तर हातावर फटका. उलट सुंठेचा किंवा अडुळशाचा काढा असला की तो उघडा, मंद निखाऱ्यावर, चार वाट्यांची एक वाटी होईतो. एकाला झाकण, एकाला नाही, असं का, हे विचारायची सोय नव्हती. पुढे शार्ङ्गधरसंहितेचं भाषांतर हाती आलं तेव्हा उलगडा झाला. तिथं काढा आणि फांट हे वेगळेच प्रकार. काढ्याला एक भाग औषधाला सोळा भाग पाणी, मातीच्या भांड्यात आठवा हिस्सा राहीपर्यंत आटवायचं. फांट म्हणजे गरम पाण्यात वस्तू भिजू देऊन गाळून घ्यायची. पातीचा सगळा जीव तिच्या तेलात, सिट्रालमध्ये. ते वाफेबरोबर उडून जातं, म्हणून झाकण. सालीतला, मुळातला अर्क उकळल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तो आटवायचा. काकीनं यातलं अक्षर वाचलेलं नव्हतं. ताटाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब ती परत टोपात झटकायची, एवढं मात्र मी पाहिलेलं आहे.

पाती एक असली तरी माणसागणिक टोपात काय पडायचं ते बदलायचं. आत्याला पित्ताचा त्रास, तिच्यासाठी धणे-जिरे भरड करून. आजीला सुंठ. ओलं आलं तिला चालायचं नाही, 'त्यात दम नाय' म्हणायची. तिचं खरं होतं. आलं वाळताना त्यातल्या जिंजरॉलचं शोगॉल होतं आणि ते जास्त झणझणीत असतं. बाळंतिणीसाठी ओवा आणि बाळंतशेपा, त्याचा वास घरभर आला की पोरांना कळायचं की आता सव्वा महिना आईच्या खोलीत दंगा करायचा नाही. तुळस खोकल्याला, पण द्वादशीला, रविवारी आणि दिवेलागणीनंतर तुळशीला हात लावायचा नाही. त्यामुळे ज्याला रात्री खोकला लागायचा त्यानं तो दुपारीच जाहीर करावा अशी आजीची अपेक्षा.

अडुळशाबद्दल मात्र आमच्या पिढीत एकमत आहे. शेताच्या बांधावर अडुळसा होता, गुरं त्याला तोंड लावत नाहीत. गुरं शहाणी. पान भाजून, चेचून, उकळून दिलेला तो घोट जिभेवरून उतरेपर्यंत दोन माणसं आम्हाला धरून ठेवायची. खोकल्याच्या कितीतरी औषधांत असणारं ब्रोमहेक्सिन हे अडुळशातल्या व्हॅसिसीनवरूनच तयार केलेलं आहे, हे कळल्यावरही माझा राग गेलेला नाही.

पातीच्या पाण्याचा खरा मान आवणीच्या दिवसांत. आषाढात दिवसभर इरलं पाठीवर घेऊन चिखलात वाकलेल्या बायका संध्याकाळी परतायच्या तेव्हा बोटं पांढरी पडून सुरकुतलेली असायची. त्या दिवशी मोठा टोप चढायचा. पाती, ठेचलेलं आलं, चार मिरी आणि त्या दिवसापुरता सढळ हातानं गूळ. कप कुणाकडे नसायचा. पितळ्या, वाट्या, कान तुटलेले पेले, जे हाती येईल ते. शेजारच्या आळीतल्या सावडीला आलेल्या बायकाही पडवीतच टेकायच्या. पुरुष ओटीवर चाय पीत असायचे आणि मागून हसण्याचा आवाज यायचा. त्या हसण्यात पुरुषांची नक्कल असायची. आम्ही पोरं दोन्हीकडे फिरायचो म्हणून आम्हाला ठाऊक.

खोटं कशाला बोला, आम्हाला तेव्हा चायच हवी असायची. बशीत ओतलेली, सायीचा तवंग असलेली. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या आणि आईनं पातीचं पाणी पुढं केलं तर मान खाली जायची. चहा तरी कुठे आमचा होता म्हणा. १९३०–४०च्या काळात चहाच्या मंडळानं बाजारांत, यात्रांत फुकट कप वाटून देशाला सवय लावली. दोन पिढ्यांत ती फुकटाची चाय ओटीवर जाऊन बसली आणि परसातली पाती मोरीकडची राहिली.

२६ जुलै २००५ला मात्र सगळ्यांना मोरीकडे यावं लागलं. खाडीचं पाणी खालच्या आळीत शिरलं. दूध नाही, गॅसची गाडी नाही, वीज नाही. पुढचे तीन दिवस ओटीवरच्या माणसांनीही पातीचं पाणी प्यायलं. धाकटे काका म्हणाले, "बरं लागतं की गं." काकीनं त्यांच्याकडे जे बघितलं ते आम्हा सगळ्यांच्या लक्षात आहे.

मग करोना आला आणि पडवीतला टोप एकाएकी प्रतिष्ठित झाला. ३१ मार्च २०२०ला आयुष मंत्रालयाच्या सल्ल्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा दिवसातून एकदोनदा घ्यायला सांगितलं होतं. एकदोनदा. आमच्या घरात तो पाचपाचदा आटवला गेला आणि एका चुलत भावाचं पोट असं पेटलं की आत्याच्या धण्या-जिऱ्यावर त्याला आठवडा काढावा लागला. त्याच एप्रिल-मे महिन्यांत गावाजवळच्या मुंबई-नाशिक हायवेवरून माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत निघाली होती. आम्ही तरुण मंडळींनी उत्साहानं काढ्याचा टोप भरून रस्त्यावर न्यायची तयारी केली. काकी तेव्हा ऐंशीला टेकलेली. ती म्हणाली, "उनात चालनाऱ्याला काढा कसला देता? पानी द्या. गुलाचा खडा द्या." आम्ही टोप रिकामा केला आणि पिंप भरलं.

भाताची खाचरं आता नाहीत. मुंबई-ठाण्याला जकात आणि आमच्या ग्रामपंचायतींना ती नाही, म्हणून १९९०नंतर व्यापाऱ्यांनी मानकोली, दापोडा, वळ, अंजूर या पट्ट्यात गोदामं उभी केली. १ जुलै २०१७ला जीएसटी येऊन मुंबईची जकात गेली तरी गोदामं वाढतच राहिली. आमच्या खाचरांचेही पैसे आले, घर पाडून तीन मजले चढले. आता खाडीवर मोठागावचा पूल झाल्यानं डोंबिवलीही हाताशी आली. परस मात्र गेला, मोरी आत गेली. त्या पैशांनी आमची शिक्षणं झाली, तेव्हा गळा काढायचा हक्क आम्हाला नाही.

एक पुतण्या अशाच एका गोदामात कामाला आहे. मागे त्यानं चेपलेला म्हणून काढून टाकलेला एक पत्र्याचा डबा घरी आणला. आत लेमनग्रास टीच्या पंचवीस पिशव्या. काकीनं एक पिशवी फाडून चुरा तळहातावर घेतला, नाकाशी नेला. "वास हाये," ती म्हणाली. "पन ही पाती कधीची?" चुरा तिनं कुंडीत टाकला, डबा घासून त्यात सुंठ भरली. अजून तीच भरते.

गेल्या वर्षी झोप येईना म्हणून तिला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी संध्याकाळनंतर चहा बंद करायला सांगितला, त्यात कॅफिन असतं, झोप उडते वगैरे. घरी येईपर्यंत काकी गाडीत हसत होती. "मना कवा मिलाली पोटभर चाय?" आता तिला दूध हवं तेवढं आहे. ती सकाळी दुधाची चाय घेते, मोठा कप भरून, साखर घालून, आणि ती सोडायला साफ नाही म्हणते. रात्री पाती. कुणी तिला पातीचे गुण सांगायला लागलं की ती कप पुढं करते, "तूच पी मग सकाल-संध्याकाल."

मोरीकडच्या बेटातले दोन ठोंब आम्ही घर पाडताना काढून ठेवले होते. ते आता गच्चीत, रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आहेत. कपडे धुण्याच्या यंत्राचं पाणी त्यांना चालत नाही, एक बादली त्यातच पिवळी पडली होती. तांदूळ धुतलेलं पाणी मानवतं. कुणाला लावायची असेल तर पहिला पाऊस पडल्यावर या. नुसती पाती खोचून रुजत नाही, मुळासकट ठोंब फोडून द्यावा लागतो, आणि येताना हातमोजे आणा.