बाबांचा रिमोट

गेले तीन रविवार आमच्या डायनिंग टेबलावर ताटांऐवजी सोल्डर गन, वायरी आणि पोट फाडलेला एक रिमोट पडलेला होता. सौ.चा पेशन्स संपत आला होता. काल विमान उडालं, म्हणून आज हे लिहायला तोंड आहे!

रिमोट म्हणजे टीव्हीचा नव्हे. रेडिओ कंट्रोलची विमानं उडवायचा ट्रान्समीटर, टर्निजी ९एक्स. बाबांनी तो २०१२ मध्ये घेतला, रिटायर झाल्यावर. जन्मभर कारखान्यात पाळ्या केलेला माणूस साठीत विमानं उडवायला लागला, यावर घरात कोण काय म्हणालं ते ज्याचं त्याला आठवत असेलच (आत्या, वाचते आहेस ना?). तेव्हा हिंजवडी फेज ३ च्या पुढे, माणच्या बाजूला बरीच मोकळी रानं होती. रविवारी सकाळी आम्ही आयटीवाले झोपलेले असायचो आणि आजोबा-नातू विमान घेऊन बाहेर. २०१९ मध्ये बाबा गेले आणि रिमोट माळ्यावर गेला.

यंदा चिरंजीवांनी तो खाली काढला. आता ते इंजिनिअरिंगला आहेत. म्हणाले, "बाबा, हा कशाला? नवा घेऊ या. एजटीएक्स टाकलेलाच मिळतो."

त्याचं बरोबर होतं. पण या जुन्या खोक्याची एक गोष्ट आहे. आत ॲटमेगा६४ नावाची चिप. प्रोग्रॅमसाठी ६४ केबी जागा आणि सेटिंग्ज साठवायला फक्त २ केबी. एवढ्याशा जागेसाठी थॉमस हुस्टरर यांनी स्वतःचं नवं सॉफ्टवेअर लिहिलं, टीएच९एक्स, आणि सगळ्यांना खुलं करून दिलं. त्यावरून एरेझ रावीव यांनी ईआर९एक्स केलं. त्याच घराण्यात पुढे ओपन९एक्स, मग ओपनटीएक्स, आणि २०२१ मध्ये त्यातून फुटून एजटीएक्स. म्हणजे चिरंजीवांना हवा असलेला नवा रिमोट आमच्या रिमोटचा नातूच! हे सांगितल्यावर स्वारी तयार झाली. ठरलं, ईआर९एक्स टाकायचं आणि मागचं रेडिओ मोड्यूलही बदलायचं.

बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून वायरी, सोल्डर, छोटा यूएसबी प्रोग्रॅमर असं सगळं आणलं. चिपला सहा वायरी जोडायच्या, बाकी काम कॉम्प्युटर करतो. पण एक अडचण होती. मूळ सॉफ्टवेअर कुलूपबंद असतं, त्याची कॉपी काढून ठेवता येत नाही. एकदा पुसलं की परत येणं नाही. आणि त्याबरोबर बाबांनी भरलेले आकडेही जाणार.

दिवसभर ऑफिसात बॅकअप, बॅकअप करणारा मी. इथे बॅकअप म्हणजे दोनशे पानी वही आणि पेन. एकेक मेनू उघडून आकडे उतरवायला बसलो. तीन विमानं होती. सबट्रिम, एंड पॉइंट, एक्स्पो, सगळं लिहिलं. तिसऱ्या मॉडेलचं नाव रोमन अक्षरांत 'नातू' असं होतं. त्याच्या थ्रॉटल कर्व्हपाशी थांबलो. काठी पूर्ण वर नेली तरी मोटरला ६० टक्क्यांच्या वर जाऊच दिलं नव्हतं.

मी चिरंजीवांना हाक मारली. तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत होता. मग म्हणाला, "मला वाटायचं, माझ्या विमानाची मोटरच तेवढी आहे."

आठ वर्षांच्या पोराला आजोबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. मलाही नाही.

मग मात्र आकडे नव्या सॉफ्टवेअरमध्ये नीट उतरवणं हे नुसतं काम राहिलं नाही. त्यातही गंमत आहे. जुन्या मेनूत थ्रॉटल ० ते १०० मोजतात, ईआर९एक्समध्ये उणे १०० ते अधिक १००. म्हणजे बाबांचे ६० इथे २० होतात. वहीतला आकडा तसाच टाकला असता तर मोटर ८० टक्क्यांवर गेली असती.

दुसरी चूक मात्र मी केलीच. चॅनलचा क्रम बघितला नाही. थ्रॉटल वर केला तर मोटर गप्प आणि शेपटीचं रडर हललं! क्रम बदलला, मोटर फिरली. आता शेवटची परीक्षा म्हणून मुद्दाम रिमोट बंद केला. मोटर फिरतच राहिली. रिसीव्हर नवा बसवला होता आणि त्याचं फेलसेफ लावलंच नव्हतं. सिग्नल तुटला की शेवटचा हुकूम धरून बसायचं, एवढंच त्याला माहीत. हवेत असं झालं असतं तर विमान मोटर चालू ठेवून जाईल तिकडे गेलं असतं, एखाद्याच्या अंगावरसुद्धा. थ्रॉटल शून्यावर ठेवून रिसीव्हरचं बारीक बटण दाबलं, पुन्हा रिमोट बंद केला. मोटर थांबली. दहा वेळा तेच करून बघितलं.

या सगळ्यात कोणाचं बोट गेलं नाही, कारण मोटरवर पंखाच नव्हता. टेबलावर विमान आलं की आधी पंखा काढायचा, हा बाबांचा नियम. चिरंजीवांनी तो न सांगता पाळला होता.

काल डिजिटल स्कायचा नकाशा बघून पौडच्या बाजूला गेलो. माणला आता मेट्रोचे खांब आणि टॉवर आहेत. बाबांचा कर्व्ह मी एका खटक्यावर ठेवला होता. खटका वर असेल तर ६०, खाली केला की १००. तसं त्याला सांगितलं, आणि गप्प उभा राहिलो.

पहिली फेरी त्याने ६० वरच मारली. विमान हळूहळू, जरा धापा टाकतच चढलं. हात बसायला वेळ लागला. दुसऱ्या फेरीत उंची घेतल्यावर त्याने माझ्याकडे न बघता खटका खाली केला. विमान जे सुसाट वर गेलं!

उतरवताना खटका परत वर होता. मी विचारलं नाही.

वही कपाटात ठेवली आहे. सौ.ला टेबल परत मिळालं आहे. असो.