चालणारं उदाहरण पानाशेजारीच हवं

पेण आणि रोह्याकडची कॉलेजातली मुलं पायथॉन शिकतात, तेव्हा समोर बहुधा एखादी पीडीएफ असते, एक लॅपटॉप आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं बेताचं नेट. त्यांना शिकवताना मला सतत दिसतं की मुलं संकल्पनेपाशी कमी आणि उदाहरणापाशी जास्त अडतात. पानावरचा कोड जसाच्या तसा टाइप केला तरी चालत नाही. ठळक नमुना 'प्रिंट'चा. पायथॉन २ मध्ये 'प्रिंट' लिहून पुढे थेट अवतरणचिन्हांत मजकूर टाकला की काम व्हायचं. पायथॉन ३ मध्ये त्याला कंस लागतो, नाहीतर पहिल्याच ओळीला सिंटॅक्स एरर. पायथॉन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण जुन्या नोट्सच्या झेरॉक्स अजून फिरताहेत. आणि एरर आली की मुलाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की ट्युटोरियलमधल्या कोडला मूळ सॉफ्टवेअरइतकीच शिस्त लागते. तो स्वतंत्र फाइलीत, डॉक्युमेंटेशनच्या शेजारच्या फोल्डरमध्ये असावा, पानावर दिसणारा तुकडा त्याच फाइलीतून यावा, आणि सॉफ्टवेअर बदललं की ती फाइल आपोआप चालवून पाहिली जावी. यात नवीन काही नाही. पायथॉनमध्ये २००१ पासून 'डॉकटेस्ट' आहे. ते पानावर लिहिलेलं उत्तर आणि कोड चालवून येणारं उत्तर ताडून पाहतं. रस्ट भाषेत डॉक्युमेंटेशनमधली उदाहरणं टेस्टबरोबरच चालतात, आणि स्फिंक्स या डॉक्युमेंटेशन तयार करणाऱ्या साधनात फाइलीतल्या हव्या तेवढ्या ओळी पानात ओढून घेता येतात. पेणजवळच्या हमरापूर-जोह्याच्या गणपती कारखान्यांत साच्यात खोट निघाली तर साचा दुरुस्त करतात, प्रत्येक मूर्तीचं बोट घासत बसत नाहीत. कोड पानापानावर चिकटवणारे नेमकं ते घासण्याचं काम अंगावर घेतात.

आपल्याकडचा चांगला दाखला पवईच्या आयआयटी मुंबईत आहे. तिथल्या 'फॉसी' प्रकल्पात विद्यार्थ्यांनी अभियांत्रिकीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणं सायलॅब या गणिती सॉफ्टवेअरमध्ये लिहून काढली. मांडणी अगदी साधी: पुस्तक, त्याखाली प्रकरण, त्याखाली उदाहरणाचा क्रमांक. पुस्तक उघडं असलेल्या मुलाला कोड शोधावा लागत नाही. शिवाय पुस्तकातलं उत्तर हीच आयती कसोटी ठरते. आकडा जुळला नाही तर कोड तरी चुकला किंवा पुस्तक तरी. काही फाइलींत 'पुस्तकातलं उत्तर चुकलं आहे' असा शेराही सापडतो. छापील पानाला हे स्वतःहून कधीच कळलं नसतं.

यावर पहिला आक्षेप शिक्षकांचा असतो: तयार फाइल दिली की मुलं टाइप करणार नाहीत, म्हणजे शिकणारही नाहीत. टाइप करण्याचं मोल मलाही मान्य आहे. पण टाइप केलेलं चाललं नाही, तर चूक आपली की पानाची हे ठरवायला चालणारी प्रत हाताशी लागतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पाच टप्प्यांच्या ट्युटोरियलला पाच फोल्डर केले, की पहिल्या टप्प्यातली दुरुस्ती पाच ठिकाणी करावी लागते. म्हणून जाणकार सांगतात, कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये टप्प्यागणिक टॅग, म्हणजे नावाची खूण, द्या. व्यावसायिक प्रोग्रामरला ते सोयीचं आहे. ज्याने गिट पाहिलेलंच नाही आणि जो मित्राच्या पेनड्राइव्हवरून झिप उतरवून घेतो, त्याला टॅग म्हणजे कुलूपबंद कपाट. मी फोल्डरच्या बाजूने आहे. पाच जागची दुरुस्ती लेखकाला जड जाते हे खरं, पण ती पाचही ठिकाणी झाली की नाही हे टेस्ट सांगते. मुलाला सांगायला कोणीच नसतं. राहिला 'एवढा वेळ कोणाकडे आहे' हा प्रश्न. वेळ नसेल तर उदाहरणं निम्मी करा.

मराठीत लिहिणाऱ्याला कोड वेगळ्या फाइलीत ठेवण्याचा आणखी एक फायदा आहे, त्याकडे फारसं कोणी पाहत नाही. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल'मध्ये पडद्यावरचं चित्र तेच राहतं आणि आवाज मराठी किंवा दुसऱ्या भारतीय भाषेचा येतो. कोडच्या फाइलीही पाठासोबत उतरवून घेता येतात. लेखी डॉक्युमेंटेशनलाही हे लागू पडतं. कोडची फाइल एकच ठेवली, तर इंग्रजी पान आणि मराठी पान दोन्ही तिच्यातूनच ओळी घेतात, आणि नव्या आवृत्तीनंतर मराठी पानावर निदान शिळा कोड उरत नाही. अडचण येते ती कोडमधल्या कॉमेंटची. पायथॉन ३ ला देवनागरी कॉमेंट चालते, पण सामायिक फाइलीत ती घातली की इंग्रजी पान बिघडतं. माझ्या मते अशा फाइलीत कॉमेंट जवळजवळ नसावीच. ओळ का लिहिली हे पानावर, आपापल्या भाषेत सांगावं, आणि त्यासाठी पान थोडं लांबलं तर लांबू द्यावं.