कमळाच्या देठातून वस्त्र

म्यानमारच्या शान राज्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८८० मीटर उंचीवर इनले सरोवर पसरलेले आहे. न्यांगश्वे गावाहून अरुंद, लांब होडीने निघाले की एका पायाने वल्हे मारणारे इंथा कोळी दृष्टीस पडतात. पुढे पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या इन पॉ खोन गावातून हातमागांची खटखट ऐकू येते. येथे कमळाच्या देठापासून सूत काढतात.

कारागीर स्त्री पाच-सहा देठ एकत्र धरून त्यांना सुरीने हलकी चीर देते आणि मोडून अलगद ओढते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू बाहेर येतात. ओल्या पाटावर तळहाताने वळून त्यांचा धागा होतो. देठ वाळण्यापूर्वीच हे काम उरकावे लागते. एका स्कार्फला असे हजारो देठ लागतात. विसाव्या शतकाच्या आरंभी बौद्ध भिक्षूला अर्पण करावयाच्या चीवरासाठी ही कला सुरू झाली, असे सांगतात.

साहजिकच किंमत रेशमाहून कितीतरी अधिक असते आणि ती ऐकून पर्यटक दचकतो. जैन प्रवाशाने मात्र किमतीआधी दुसरा प्रश्न विचारावा: ताणा कशाचा आणि बाणा कशाचा? रेशमासाठी कोशातील जीव उकळून मारला जातो, म्हणून कमळाचे वस्त्र त्याला आकर्षक वाटते. परंतु पुष्कळ स्कार्फांत कमळाच्या सुताबरोबर रेशीम किंवा कापूस मिसळलेला असतो, आणि ‘कमळ-रेशीम’ या प्रचलित नावाने गोंधळ अधिकच वाढतो. देठही सजीव वनस्पतीचेच, हेही विसरता येत नाही. म्हणून एखादेच, शुद्ध सुताचे आणि खरोखर वापरले जाईल असे वस्त्र घेणे विवेकाला धरून होईल.

निवड झाल्यावर घासाघीस किती करावी? इतर बाजारांत ती चतुराई ठरते. येथे कमी केलेला प्रत्येक रुपया त्या ओल्या पाटावरच्या तळहाताच्या मजुरीतून जातो. २०२१ नंतरच्या अशांततेमुळे पर्यटक रोडावले, २८ मार्च २०२५ च्या भूकंपाने सरोवरातील अनेक घरे पाडली. अशा वेळी योग्य दाम देणे हे उपकार नव्हे. एरवी अचौर्याचे व्रत परक्याच्या वस्तूला हात न लावण्यापुरतेच उरेल. परक्याचे श्रम मात्र स्वस्तात घरी येत राहतील.